गच्चीवर तांबडा-पांढरा रस्सा: कोल्हापुरात पहिल्यांदाच घरी थंडीची पार्टी ठेवणाऱ्यांसाठी

डिसेंबर लागला की ग्रुपवर कोणतरी टाकतंयच, "यंदा थर्टी फर्स्ट कुठं?" मग हॉटेलात टेबल मिळत नाही, रंकाळ्यावर गाडी लावायला जागा नसते, फार्म हाऊसवाले दर चढवून बसलेले असतात, आणि फिरून फिरून गाडी येते कुणाच्यातरी गच्चीवर. ती गच्ची यंदा तुमची असेल आणि आजवर चार पाहुण्यांपलीकडं तुम्ही कधी जेवण केलं नसेल तर हे वाचा. हिशोब वीस माणसांचा धरलाय, तुमची दहा असली तर निम्मा करा, चाळीस असली तर सरळ आचारी बघा, घरच्या गॅसवर चाळीस माणसांचं करायच्या नादाला लागू नका.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, पुढचं सगळं त्यावरच आहे. पदार्थ कमी ठेवायचे आणि रस्सा भरपूर करायचा. नवीन माणूस नेमकं उलटं करतो, पनीर टिक्का पाहिजे, मंचुरियन पाहिजे, पास्ता पाहिजे, दोन गोड पाहिजेत, आणि नऊ वाजता घरची माणसं घामाघूम होऊन स्वयंपाकघरात आणि पाहुणे वर गच्चीवर मोबाईल बघत बसलेले. कोल्हापुरात माणूस तुमच्याकडं पास्ता खायला येत नाही हो.

आधी वार बघा, मग तारीख

हे बाहेरगावाहून नोकरीला आलेल्यांना लवकर कळत नाही. इथं प्रत्येक घराचा एक वार असतोय. कुणाचा सोमवार महादेवाचा, कुणाचा मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचा, कुणाचा गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, आणि जोतिबाचा म्हणून रविवार पाळणारीपण घरं आहेत. म्हणजे सगळ्यांना चालेल असा राहिला एकटा बुधवार. त्यात डिसेंबरात मार्गशीर्ष, त्यातले गुरुवार म्हणजे घट मांडलेला, लक्ष्मीची पूजा, घरात मटणाचं नाव नाही, आणि कितीतरी जण अख्खा महिनाच खात नाहीत. २०२६ ला तर मजाच आहे, अधिक महिन्यामुळं मार्गशीर्ष उशिरा येतोय, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होऊन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जातोय, आणि ३१ डिसेंबरला नेमका गुरुवार. म्हणजे त्या रात्री तुम्ही पाच किलो मटण रटरटत ठेवणार आणि निम्म्या वहिनी दहीभात मागणार.

यावर उपाय दोन. एकतर पार्टी एक दिवस आधी बुधवारी ३० ला घ्या, केक काय तो ३१ ला कापू दे ज्याचा त्यानं. नाहीतर मार्गशीर्ष संपू द्या आणि जानेवारीत संक्रांतीच्या मागंपुढं ठेवा. मला विचाराल तर जानेवारीच बरा, थंडी चांगली असते, आचारी आणि भाकरीवाल्या मावशी मोकळ्या असतात, मटणाच्या दुकानात रांग नसते, आणि बारा वाजेपर्यंत जागायची सक्तीपण नाही.

माणसं मोजा

"येतो रे बघू" म्हणणारा माणूस धरायचा नाही असं नाही, तो धरायचाच, कारण तो येतोच आणि मेव्हण्याला घेऊन येतो. चार दिवस आधी ग्रुपवर न विचारता एकेकाला फोन लावा आणि तीनच गोष्टी विचारा: किती जण, मटण खाणारे किती आणि न खाणारे किती, पोरं किती. कागदावर लिहा. शेवटी आकड्यात दोन वाढवा, रस्स्याला एवढं वाढवणं जड जात नाही.

शेजाऱ्यांना विसरू नका. अपार्टमेंट असेल तर गच्ची सगळ्यांची आहे, सोसायटीच्या चेअरमनला आधी सांगा. खालच्या मजल्यावर जाऊन "काकू, बुधवारी जरा मित्रमंडळी यायल्यात गच्चीवर, तुम्हीपण या की जेवायला" एवढं म्हटलं तरी पुष्कळ. त्या येतील न येतील, पण रात्री साडेअकराला खालनं भांडण वर येणार नाही.

मेनू

सुरुवातीला तोंडात टाकायला भडंग आणि भाजलेल्या शेंगा. भडंगात कांदा-कोथिंबीर ऐनवेळी घाला, आधी घातला तर मऊ पडतंय. सीझन असेल तर हरभऱ्याचा डहाळा आणा आणि नुसता मधी टाका, माणसं सोलत बसतात, गप्पा आपोआप सुरू होतात, गाणी लावायचीपण गरज लागत नाही.

मग जेवण: पांढरा, तांबडा, सुकं मटण, भाकरी, भात, दही-कांदा, लिंबू, खर्डा. बास. खर्डा म्हणजे हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे तव्यावर परतून मीठ घालून रगडलेला, मिक्सरला एकदम बारीक करू नका, त्याची चटणी होते आणि मजा जाते.

गोडाला फार डोकं लावू नका. हा गुऱ्हाळाचा सीझन आहे, ओळखीत कुणाचं गुऱ्हाळ असेल तर ताजी काकवी आणा, नाहीतर बाजारातला चांगला गूळ आणि तूप. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालंय, पण मानांकनापेक्षा डोळा महत्त्वाचा, लई पिवळाधमक गूळ दिसला की जरा दमानं घ्या, तसा रंग यायला बऱ्याचदा रसायन जास्त मारलेलं असतंय, गडद तपकिरी बरा. शेवटी मसाला दूध. म्हशीचं दूध कसं असावं हे गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर ग्लास घेतलेल्याला सांगायला लागत नाही.

मटण

वीस जणांत साधारण सोळा खाणारे, माणशी पाव किलो धरला तर चार किलो, आणि "अजून एक वाटी आण" म्हणणारे असतातच म्हणून साडेचार ते पाच. पार्टी खरोखर ३१ लाच असेल तर सकाळी सातच्या आत दुकानात जा किंवा आदल्या दिवशी सांगून ठेवा, नंतर रांग रस्त्यावर येते. या गावात मटण किती गंभीर विषय आहे ते २०१९ अखेरीस कळलंय सगळ्यांना, दरावरनं आंदोलन पेटलं होतं.

दुकानात गेल्यावर नुसतं "पाच किलो द्या" म्हणू नका. "मामा, रस्स्याला पाहिजे, मांडी आणि चाप द्या, नळ्या टाका, थोडी चरबी ठेवा" असं सांगा. नुसतं बोनलेस घेतलं तर रस्स्याला चव येणार नाही, हाडातनंच सगळं येतंय. सुक्यासाठीचे तुकडे जरा बारीक करून वेगळ्या पिशवीत मागा.

अळणी, मग दोन रस्से

इथं थोडं सावकाश वाचा कारण सगळी पार्टी याच्यावर उभी आहे. अळणी म्हणजे तिखट-मसाला न घालता मटण शिजवलेलं पाणी, मीठ असतंय त्यात.

मटण धुऊन हळद, मीठ, आलं-लसणाची पेस्ट लावून अर्धा तास ठेवा. मोठ्या पातेल्यात थोड्या तेलावर कांदा परतून मटण टाका, वर झाकणीत पाणी ठेवा आणि त्याच्याच पाण्यात सुटू द्या. मग ते झाकणीवरचं गरम पाणी आत ओता, आणि पुढं लागेल तसं गरमच पाणी घाला, गार पाणी ओतू नका. दोन्ही रस्से मिळून माणशी अर्धा लिटर तरी लागतो, म्हणजे आठ-नऊ लिटर अळणी पाणी पाहिजे. मटण शिजलं की तुकडे बाजूला काढा आणि पाणी गाळून दोन भगुल्यांत वाटून घ्या. यातलंच थोडं पोरांसाठी बाजूला ठेवायचं, अळणी पाणी आणि भात. कोल्हापुरात लहान पोरांची सुरुवात तिथनंच होते, तिखटाचं नंतर बघू.

पांढऱ्यासाठी दोन मोठ्या नारळांचं दूध, शंभर ग्रॅम काजू, पन्नास ग्रॅम खसखस आणि तेवढेच पांढरे तीळ. खसखस गरम पाण्यात दोन तास तरी भिजवा नाहीतर वाटली जात नाही, दाताखाली कचकच लागते. तुपात तमालपत्र, लवंग, दालचिनी, वेलदोडा, हिरव्या मिरचीचे मोठे तुकडे टाका, मग वाटण घालून मंद परता, रंग बदलू द्यायचा नाही, आणि मग अळणी पाणी. याला चांगली उकळी येऊ दे. नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, गॅस एकदम बारीक करून, आणि त्यानंतर उकळू द्यायचा नाही, पळी फिरवत राहायची. उकळला की फुटतो, वर पांढऱ्या गाठी आणि खाली पाणी. म्हणून पांढरा आधी अर्धवट करून ठेवा आणि दूध पाहुणे पानावर बसायच्या वीस मिनिटं आधी घाला. मीठ चाखून मगच, अळणीत आधीच पडलेलं असतंय.

तांबड्याचं वाटण आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतं. पाव किलो सुकं खोबरं काळपट होईस्तोवर भाजा पण जाळू नका, पाच-सहा कांदे, तीळ, खसखस, धने, आलं-लसूण, कोथिंबीर. तेल सढळ हातानं घ्या, त्यात कांदा-लसूण चटणी, म्हणजे आपला घरचा तिखट मसाला, गॅस बारीक करून टाका, चटणी करपली की रस्सा कडू होतो आणि मग काही उपाय नाही. दीडशे ग्रॅम चटणीपासून सुरुवात करा, सगळ्यांच्या घरची चटणी सारखी तिखट नसते. मग वाटण तेल सुटेपर्यंत परता, अळणी पाणी ओता, अर्धा तास उकळू द्या. वर लालभडक कट, म्हणजे तेलाचा तवंग, आला पाहिजे. कट आला नाही तर तेल कमी पडलंय किंवा वाटण कच्चं राहिलंय. आणि एक, नुसतं तिखट म्हणजे कोल्हापुरी हे बाहेरच्या हॉटेलांनी पसरवलेलं आहे, चांगला तांबडा झणझणीत असतो पण दुसरी वाटी मागावीशी वाटते.

राहिलेलं थोडं वाटण आणि चटणी वापरून सुकं परता. ते दुपारीच करून ठेवता येतं.

न खाणाऱ्यांचं

यांना उरलंसुरलं द्यायचं नाही. त्यांचं पातेलं वेगळं, पळी वेगळी, शक्यतो टेबलपण वेगळं, आणि हे आधीच करून झाकून ठेवायचं म्हणजे हात लागत नाही. थंडीत माळवं झकास मिळतंय, मटार, पावटा, वांगी, गाजर. अख्ख्या मसुराची आमटी किंवा भरली वांगी करा, आणि तेच तांबड्याचं वाटण वापरून भाज्यांच्या पाण्यात रस्सा करा, तोही तेवढाच लागतो. बऱ्याच वेळा खाणारेच येऊन तो संपवतात, म्हणून जरा जास्तच करा.

भाकरी आणि भात

घरी चाळीस भाकऱ्या थापायच्या भानगडीत पडू नका. किलोभर ज्वारीच्या पिठात साधारण दहा-बारा होतात, म्हणजे चार किलो पीठ आणि एका माणसाची अख्खी संध्याकाळ. गल्लीत भाकरी करून देणाऱ्या मावशी असतात, महिला बचत गट असतात, आठवडाभर आधी सांगा आणि वेळ पक्की करा, साडेआठला हातात. कापडात गुंडाळून टोपलीत ठेवल्या की तासभर मऊ राहतात. ३१ ला सांगणार असाल तर दोन आठवडे आधी सांगा.

भात दीड-दोन किलो तांदळाचा पुरतो. शेवटी रस्सा-भात खाल्ल्याशिवाय जेवण झालं असं इथं कुणी मानत नाही म्हणून भात गरम असू दे, बाकीचं एखादं थंड झालं तर माणसं खपवून घेतात.

गच्ची

कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत दुपारी घाम येतो आणि रात्री पारा चौदा-पंधरापर्यंत खाली येतो, कधी अजून खाली. दुपारी गच्चीवर जाऊन "काय थंडी नाही" म्हणू नका. नऊनंतर वारं सुटतं आणि दव पडतं, गाद्या ओल्या होतात. सतरंज्या डबल टाका, कडेला एका बाजूनं कनात बांधा, म्हाताऱ्या माणसांना खुर्च्या आणि शाली. सतरंज्या, खुर्च्या, मोठी पातेली, हे सगळं मंडपवाल्याकडं भाड्यानं मिळतं, विकत घ्यायची गरज नाही.

शेकोटी पाहिजेच असं सगळे म्हणतात. थेट स्लॅबवर पेटवायची नाही, फरशी तडकते, वॉटरप्रूफिंग जातं आणि पावसाळ्यात खालच्याच्या छताला गळती लागते, मग तो वर येतो. चार विटा मांडा, वर लोखंडी घमेलं, घमेल्यात तळाला वाळू, त्यावर लाकडं. कनात आणि लाइटच्या माळा लांब, बाजूला पाण्याची बादली आणि एक जबाबदार माणूस, जो पिणारा नाही. प्लॅस्टिक, प्लायचे तुकडे जाळू नका.

आणि हे नीट लक्षात घ्या: थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी उचलून बंद खोलीत न्यायची नाही. निखाऱ्यातनं कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला कळतच नाही. पोरं आत झोपली असतील तर तिथं तर अजिबात नाही. रस्सा गरम ठेवायला शेगडी वापरायची तर ती उघड्यावर.

आवाज, दारू, गाड्या

स्पीकरचा कायदा साधा आहे, रात्री १० ते सकाळी ६ बंद. सरकारला वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देता येते, ३१ डिसेंबर त्यात आहे का ते त्या वर्षीच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात बघायचं, आपल्याच मनानं धरायचं नाही. खरं सांगू का, दहानंतर स्पीकर बंद करून भेंड्या किंवा हाऊजी लावली तर जास्त मजा येते, आज्जीपण खेळतात.

दारू ठेवायची की नाही तुमचं तुम्ही ठरवा, पण आमंत्रणातच स्पष्ट सांगा म्हणजे फॅमिली घेऊन येणारा गोंधळत नाही. महाराष्ट्रात बियर-वाइनला २१ आणि बाकीच्याला २५ वर्षं पूर्ण लागतात, आणि पिणाऱ्याकडं परवाना लागतो, दुकानात एक दिवसाचापण मिळतो. ठेवलीच तर कोपरा वेगळा आणि जेवण नऊला म्हणजे नऊलाच. "अजून एक होऊ दे" म्हणत म्हणत अकरा वाजतात, पांढरा फुटतो, भाकरी कडक होते आणि ज्यांनी घेतली नाही ते उपाशी बसतात.

३१ ला चौकाचौकात नाकाबंदी असते. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दोन गाद्या जादा मागवून ठेवा आणि घेतलेल्या माणसाची किल्ली काढून घ्या, रुसला तर रुसू दे.

त्या दिवशी काय कधी

आदल्या दिवशी बाजार, वाटणं, चटणी, शेंगा भाजणं, भांडी आणणं. सकाळी मटण. दुपारी बारापर्यंत अळणी तयार, मग सुकं, मग तांबडा. चारला शाकाहारी पातेलं. पाचला गच्ची झाडून सतरंज्या गुंडाळून वर नेऊन ठेवायच्या, अंथरायच्या सातला. सहाला तुम्ही आंघोळ करून कपडे बदलून बसलेले पाहिजे, हे जमलं नाही तर मेनूतला एक पदार्थ कमी करायला पाहिजे होता असं समजा. साडेसातला पोरांना अळणी-भात घालून मोकळं करा. आठला पाहुणे, भडंग, शेंगा. साडेआठला भाकरी येते आणि आठ-चाळीसला पांढऱ्यात दूध पडतं. नऊला पानं.

पंगत की बुफे? वीस माणसं असतील तर पंगत. खाली बसायला जमत नाही त्यांना खुर्ची-टेबल. पंगतीत रस्सा गरम जातो कारण वाढप्या भगुलं घेऊन फिरतो, बुफेत थंडीमुळं पहिल्या दहा मिनिटांत मटणाची चरबी ताटात गोठते. कागदी द्रोण रस्स्याला घेऊ नका, कट झिरपतो, स्टीलच्या वाट्या माणशी दोन. दोन वाढपी आधीच ठरवा, नातेवाइकांतले किंवा मित्रांतले, आणि ज्या घरात पार्टी आहे त्या घरची वहिनी वाढायला नसावी, तिला पहिल्या पंगतीत बसवा. आधी पांढऱ्याची वाटी हातात, मग ताट.

दुसऱ्या दिवशी

उरलेलं मटण आणि तांबडा रात्रीच फ्रिजमध्ये, "थंडी आहे, राहतंय की बाहेर" असं चालत नाही. तांबडा दुसऱ्या दिवशी खळखळून उकळून घेतला की अजून मुरलेला लागतो, पावाबरोबर नाष्ट्याला. पांढरा उरला तर ठेवू नका, नारळाचं दूध असतंय त्यात, रात्रीच कुणालातरी अजून एक वाटी पाजून संपवा. घमेल्यातली राख पूर्ण विझल्याशिवाय कचऱ्यात टाकायची नाही, पाणी मारा आणि सकाळपर्यंत तशीच ठेवा. भाड्याची भांडी परत देताना पळ्या आणि झाकण्या मोजून द्या, एक झाकणी हमखास शेजारच्या काकूंकडं गेलेली असते, रस्सा पाठवला होता ना त्यावर झाकून.